धुळीचे दोन ठिपके

"आजचा दिवस दोन राष्ट्रांच्या इतिहासात सुवर्णाक्षरांनी लिहिला जाईल," मोरिकावा-सान म्हणाले आणि त्यांनी टेबलावरच्या नकाशावरचं कापड ओढलं. कापड येईना. भानुदासनं ते चारही कोपऱ्यांत चिकटपट्टीनं पक्कं केलं होतं. इतिहास दोन मिनिटं थांबला.

शहाण्णव साल होतं. जपानात, तोयोसुमधल्या त्या ऑफिसात तीन दिवस बैठक चालली होती. टेबलाच्या अलीकडे जपानी कंपनीचे मोरिकावा-सान, पलीकडे सोलच्या कोरियन कंपनीचे आन-सान आणि मधे दुभाषी युन-सान. दोन्ही कंपन्यांनी मिळून मासेमारीच्या बोटींसाठी संगणकावरचा नकाशा तयार करायचा होता. पहिला दिवस दोन देशांमधल्या समुद्राला कुणाच्या पसंतीचं नाव द्यायचं यात गेला. दुसराही त्यातच गेला. तिसऱ्या दिवशी समुद्र बिननावाचा ठेवायचं ठरलं आणि सगळ्यांनी एकमेकांना वाकून नमस्कार केले.

जुना कागदी नकाशा स्कॅन करून साफसूफ करायचं काम भानुदासकडे होतं. "तुम्ही पुण्याचे. तुमचं यात काही अडकलेलं नाही," मोरिकावा-सान म्हणाले होते. तसं अडकलं होतं. आज करारावर सह्या झाल्या तर त्याची नोकरी आणि व्हिसा आणखी तीन वर्षं. नाही झाल्या, तर रविवारी लेकीला घेऊन नारिता विमानतळावर उतरणाऱ्या बायकोला, मेधाला, परतीचं विमान दाखवायचं.

"आन-सानांना जपानी अजिबातच येत नाही का हो?" त्यानं पहिल्या दिवशी लिफ्टमध्ये युन-सानना विचारलं होतं.

"येत होतं. पंचेचाळीस सालापर्यंत," युन-सान म्हणाल्या. "तिकडे जपानचं राज्य होतं. शाळेत एक कोरियन शब्द तोंडातून गेला की छडी. राज्य गेलं, त्या दिवसापासून येत नाही."

शेवटी कापड निघालं. टाळ्या वाजल्या. आधी आन-सानांचे हात थांबले, मग मोरिकावा-सानांचे.

"कुठे गेलं?" दोघं एकदम ओरडले, आपापल्या भाषेत. युन-सानना भाषांतर करावं लागलं नाही.

"काय कुठे गेलं?" भानुदासनं विचारलं.

"बेट!"

समुद्राच्या मध्यावर दोन खडक आहेत. आन-सानांच्या देशात त्यांना दोक्दो म्हणतात, मोरिकावा-सानांच्या देशात ताकेशिमा. त्या वर्षी दोन्हीकडचे मंत्री त्यांच्यावरून टीव्हीवर भांडत होते. भानुदासच्या नकाशात तिथे स्वच्छ निळं पाणी होतं.

"ते होय! दोन ठिपके होते. मला वाटलं स्कॅनरच्या काचेवरची धूळ. पुसले मी."

युन-साननी अगदी हळू आवाजात भाषांतर केलं. आन-सान खुर्चीत बसले. मोरिकावा-सानही बसले, ते नेमके त्यांच्या शेजारच्या खुर्चीत. तीन दिवसांत टेबलाच्या त्या बाजूला कुणी जपानी माणूस बसला नव्हता.

"पुसले," मोरिकावा-सान म्हणाले.

आन-सान काहीतरी पुटपुटले. "'धूळ?' असं विचारताहेत," युन-सान म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "आणि एखादी बोट त्यावर आदळली तर?" हा प्रश्न युन-सानांचा स्वतःचा होता.

भानुदासच्या डोळ्यांपुढे नारिता आलं. "मी आत्ताच्या आत्ता परत टाकतो. मूळ कागद योकोहामाला छापखान्यात आहे. तुम्ही फक्त जागा दाखवा," असं म्हणून त्यानं पेन्सिल पुढे केली.

मोरिकावा-सान तीन दिवस याच समुद्राबद्दल बोलत होते. ते उठले. पेन्सिलीचं टोक निळ्या पाण्यावर आलं. थोडं वर गेलं. मग डावीकडे. मग तिथेच अधांतरी राहिलं. त्यांचे कान लाल झाले.

"तुमचंच आहे म्हणता ना?" ते आन-सानांकडे वळून म्हणाले. "मग तुम्हीच दाखवा."

युन-सान भाषांतर करायच्या आतच आन-सानांनी मोरिकावा-सानांच्या हातातून पेन्सिल काढून घेतली. युन-सान आ वासून बघत राहिल्या.

आन-सान नकाशावर वाकले, इतके की नाक कागदाला टेकलं. पेन्सिल वीतभर इकडे आली, वीतभर तिकडे गेली. मग मान वर न करता, वर्गात उभं राहून मास्तरांना उत्तर द्यावं तशा खणखणीत, शुद्ध जपानीत ते म्हणाले,

"मोरिकावा-सान, जरा तुमचा चष्मा देता का?"