उतारावरची गाडी

“ताई, हे तुमच्या जुन्या गाडीला मागे ओढत होतं,” म्हणत फिटर इजाजने गंजून घट्ट बसलेलं, चाकाला आवळून धरणारं ब्रेकचं कॅलिपर हेमांगीपुढे धरलं. “बंदराचं खारं पाणी. पुढची दोन्ही नवी टाकलीत, आता गाडी मोकळी पळेल. हँडब्रेकही बघू का?”

“तो मी कधी लावतच नाही. बंदराच्या उतारावर उभी करते, जागची हलत नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नेहमीसारखीच गाडी न्यूट्रलमध्ये टाकून उतारावर बंद केली. रोजच्यासारखंच आईला पुढच्या सीटवर बसू देऊन ती उतरली आणि मासळीच्या टोपल्या आणायला वळली. मागे खडी करकरली. गाडी पाण्याकडे निघाली होती.

आईने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “तू तिथं, मग गाडी कोण चालवतंय गो?”

हेमांगी गाडीमागे धावली. जाळ्यांच्या ढिगाला धडकून गाडी थांबली. पुढे चार हात जमीन होती, मग समुद्र.

दार उघडून तिने हँडब्रेक ओढला. तो अलगद वर आला आणि हात सोडताच खाली पडला. खालची केबल केव्हाच तुटली होती.

इतकी वर्षं या उतारावर आईला गंजानेच धरून ठेवलं होतं.