दुसरा उंचवटा

श्रीहरीनं ईसीजीची पट्टी डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवली.

"शकुबाईची आहे. पेटीत साड्यांच्या खाली सापडली. मले म्हणे, ग्यास आहे."

बाईंनी नाव वाचलं. मग त्याच्या भादरलेल्या डोक्याकडे पाहिलं. "गेल्या?"

"परवा तेरवी झाली. याच्यात काय होतं, ते सांगा."

बाईंनी पेनाचं टोक पट्टीवर टेकवलं. "हा उंच सुळका आहे ना, त्याच्या आधीचा लहान उंचवटा पाहा. तो एकच गोल हवा. इथं दोन कुबडं आहेत. म्हणजे हृदयाचा डावा वरचा कप्पा वाढलाय. त्याच्या खालची झडप आकसली, रक्त तुंबत गेलं."

"पाणी जायची वाट बुजली का धानाची बांधी फुगते, तसं."

"तसंच."

श्रीहरी घुग्घुसच्या खाणीत कामाला. गावी यायचा पंधरवड्यानं. शकुबाईला गडचिरोलीला दवाखान्यात आणायचा तो शेजारचा बुधू, आपल्या मोटरसायकलवर. आज श्रीहरीलाही त्यानंच आणलं होतं. बुधू ना नात्याचा, ना गोताचा. तरी दहाव्याला नदीवर तोही न्हाव्यापुढं बसला.

"तुमचे काऊन काढू, बुधूभाऊ?" न्हाव्यानं विचारलं.

"काढ. गरमी होऊन राह्यली."

मैतर असावा तर असा, असं सारं गाव म्हणालं.

"मंग विलाज नव्हता काय?" श्रीहरीनं बाईंना विचारलं.

"होता. नागपूरला झडपेचं ऑपरेशन. सरकारी योजनेत बसत होतं. फक्त नवऱ्याचं आधारकार्ड आणा म्हटलं. त्यानंतर त्या फिरकल्याच नाहीत."

श्रीहरीचा हात खिशावर गेला. आधारकार्ड तिथंच होतं, नेहमी असायचं. शकूनं एकदा मागितलं असतं तर त्यानं खाणीतलं काम सोडून नागपूर गाठलं असतं. तिनं मागितलंच नाही. एवढा संसार झाला, अन् मरणही त्याच्यापासून लपवलं.

"शकू तं नाई बोलली," तो म्हणाला. "पण तुमी तरी तिच्या नवऱ्याले निरोप धाडाचा होता, बाई."

"निरोप कशाला? दर वेळी ते सोबतच असायचे. मी सगळं समजावलं, तेव्हा लेकरासारखे रडले." बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. "आज मोटरसायकलवरच का बसून राहिलेत? बोलवा ना त्यांना आत."