चेहरा एकदम स्वच्छ

गेलेल्या भावाच्या मोबाइलमधल्या क्लिप्स जोडून ताईला आईसाठी व्हिडिओ हवा होता. मोबाइलने तर क्लिप्स कॉम्प्युटरवर येताच मान टाकलेली, आणि इकडे एक्स्पोर्टही होईना. एडिटरने सगळे फॉरमॅट पालथे घातले, तेव्हा कुठे चोर सापडला: क्लिप्समधला आवाजच सॉफ्टवेअरला पचत नव्हता. मग काय, पठ्ठ्याने आवाज काढून टाकला, वर हळवी बासरी चढवली, आणि व्हिडिओ झाला की तयार! काम झालं की मूळ क्लिप्स कायमच्या उडवायच्या, ही त्याची शिस्त. त्याही उडवल्या.

"बघा ताई, चेहरा कसा स्वच्छ दिसतोय," तो ऐटीत म्हणाला.

ताईने आईला हाताला धरून आत आणलं. आई चाचपडत खुर्चीवर बसली, स्पीकरला कान लावून ऐकत राहिली.



"बासरी पुरे रे बाळा," ती म्हणाली, "आता माझ्या लेकाला बोलू दे."