गुडघ्याचं दुखणं

"वृंदाताई, आज पट्टा उजव्या गुडघ्याला कसा? काल तर डावा दुखत होता!" मंगळागौरीचे खेळ बसवणाऱ्या चारुशीलाबाईंनी विचारलं आणि वृंदाताईंनी घाईघाईने दोन्ही गुडघे चोळले.

खरं तर दुखत एकही नव्हता. कोंबड्याच्या खेळात उकिडवं बसून उडी मारली, की थोडी लघवी निसटायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "दोन बाळंतपणं, गेलेली पाळी, वाढलेलं वजन, वर हा जुनाट खोकला! खालचे स्नायू सैल पडणारच. व्यायाम करा, सुधारेल. आणि लाजू नका, बऱ्याच जणींना होतं." पटलं होतं सगळं. पण स्पर्धा आठवड्यावर आलेली, बारा बायकांसमोर हे सांगायचं कोणत्या तोंडाने?

"गुडघेवाल्या बसा बाजूला!" चारुशीलाबाई वैतागल्या. पाहतात तो काय, वृंदाताईंशेजारी आणखी सहा जणी येऊन टेकल्या. रागारागात बाईंनी सतरंजी उचलून झटकली. धुरळा उडाला. शिंक येणार म्हणताच सातही जणींनी एकदम मांडीवर मांडी घट्ट आवळली.

क्षणभर सगळ्या एकमेकींच्या पायांकडे बघत राहिल्या. मग असं काही हसू फुटलं, की दुखऱ्या गुडघ्यांच्या सातही जणी हॉलमधल्या एकुलत्या एका संडासाकडे धावत सुटल्या.

दार आतून बंद होतं.

"थांबा गं जरा," आतून चारुशीलाबाईंचा आवाज आला, "माझंही गुडघ्याचंच दुखणं आहे!"