दहा चौदाची नोंद

“यादीला हात लावायचा न्हाई, बाई. मशीन काय करून राहिली ते संगणक आपलं आपण लिहितो. आपण फक्त वाचायचं.”

तिला हे काम शिकवणाऱ्या भुजंगमिस्त्रींना जाऊन वर्ष झालं होतं. पण जिनिंगच्या वरच्या काचेच्या खोलीत बसलं की सत्यशीलेला त्यांचा आवाज ऐकू यायचा. आज तो अगदी कानाशी होता, कारण खाली अंगणात माणसं थावराला मारत होती.

कापसाच्या गठाणी बांधायच्या लोखंडी पट्ट्यांनी मारत होती. पट्टी आधी हवेत वाजायची, मग अंगावर. “म्या न्हाई! सेवाभायाची आण, म्या न्हाई!” असं मघापर्यंत थावरा ओरडत होता. आता नुसता विव्हळत होता. एक कान फाटून लोंबत होता.

त्याचा जोडीदार प्रेमदास सकाळी अडकलेला कापूस उपसायला मशीनच्या पोटात शिरला होता. मशीन सुरू झाली. कापूस पुढे ढकलणाऱ्या लोखंडी स्क्रूनं त्याचा उजवा हात खांद्यातून उपटून नेला, आणि पलीकडून कापसाचे लाल गोळे पडायला लागले. जीप कळमनुरीच्या दवाखान्यात पोचायच्या आतच तो गेला.

“बटन थावरानं दाबलं,” असं तांड्यावरून धावत आलेल्या माणसांना मॅनेजर शिवहारनंच सांगितलं होतं. आता तो खोलीला आतून कडी घालून सत्यशीलेच्या खुर्चीमागं उभा होता.

“वाच.”

तिनं वाचलं. दहा बारा, मशीनचं दार उघडलं. दहा चौदा, दाराचा पहारा उठवला, सत्यशीला. दहा पंधरा, मशीन सुरू, सत्यशीला.

दार उघडं असलं की मशीन सुरू होत नाही. करायचीच तर आधी या संगणकावरून तो पहारा उठवावा लागतो. खाली थावराच्या हाती काहीच नव्हतं.

“नाव कुणाचं हाय?”

“माझं. पण खुर्चीत तुमी होता.”

त्या वेळी ती फाटकाजवळच्या औदुंबराला फेऱ्या घालत होती. रोजच्या एकवीस, अनवाणी. सकाळी संगणकाला हळदकुंकू वाहून ती आपल्या नावानं तो उघडायची, आणि दिवस मावळेपर्यंत ते नाव तसंच उघडं राहायचं. कुणीही यावं, बसावं, बटन दाबावं. “बंद कशाला करता, ताई? तुमच्या नावात पुण्याई हाय. मशीन बिघडत न्हाई,” माणसं हसून म्हणायची. तिलाही ते आत कुठंतरी गोड लागायचं.

सतराव्या फेरीला किंकाळी आली. ती पळत वर आली, तेव्हा शिवहार तिच्या खुर्चीतून उठत होता.

“बाहेर कापसाच्या गाड्या तुंबल्या होत्या,” तो म्हणाला. “तो आत हाय म्हणून मला काय सपान पडलं होतं? पोलीस येऊन राहिले. यादी पुसून टाक. पुसायला तुझा पासवर्ड लागतो, न्हाईतर तुला इचारलं बी नसतं. हे कुणी पाहिलं तर जेलात कोण जाईल? तू का मी?”

“आन् थावरा?”

“तांड्याचा तंटा तांड्यात मिटंल. टाक पासवर्ड.”

तिनं बोटं उचलली नाहीत. त्यानं तिचं मनगट धरून टेबलावर आपटलं. बांगड्या फुटून काचा मांसात शिरल्या. मग वेणी धरून कपाळ पडद्यावर आदळलं. एकदा. पुन्हा एकदा.

“देवाला एवढ्या फेऱ्या घालती, अन् सोताचा जीव वाचवायची अक्कल न्हाई?”

“वेणी सोडा,” ती हळू म्हणाली. “काही दिसंना मला.”

त्यानं सोडली. सकाळचं कुंकवाचं ताट संगणकाशेजारीच होतं. तिनं मूठ भरली आणि त्याच्या डोळ्यांत मारली.

तो भिंतीला धडकून खाली बसला, डोळे चोळत किंचाळायला लागला. तिनं प्रिंटर सुरू केला. चर्र चर्र करत कागद बाहेर आला. तिनं तो फाडून घेतला आणि आपलं नाव बंद केलं. दिवसाउजेडी पहिल्यांदाच.

“तुलाच मारतील, येडे!” तो ओरडला. “कागदावर नाव तुझं हाय!”

“व्हय,” ती म्हणाली आणि कडी काढली.

खाली घोळक्याच्या पलीकडं, कापसाच्या ढिगाला टेकून प्रेमदासची बायको नीलाबाई बसली होती. जीपमध्ये तिला जागा दिली नव्हती. मागं राहिलेला तो हात लुगड्यात गुंडाळून तिनं मांडीवर घेतला होता. मघाशी तिनं सत्यशीलेचा पदर धरला होता. “ताई, तुमी खोटं बोलत न्हाई. मशीन कुणी चालू केली?”

“सांगीन,” सत्यशीला म्हणाली होती. “दिवस बुडायच्या आत सांगीन.”

लोखंडी जिना उन्हानं तापला होता. चपला औदुंबराखालीच राहिल्या होत्या, चार फेऱ्याही. पट्ट्या वाजत होत्या. नीलाबाईकडं जायला त्या माणसांमधूनच वाट होती. सत्यशीलेनं कपाळावरचं रक्त पदरानं टिपलं, कागद उलगडला आणि चालायला लागली.