तळव्यांची आग

"थांबव ते, विनता," बाबा म्हणाले.

विनतानं लॅपटॉपचं बटण दाबलं. तिच्या चित्रपटातला इन्स्पेक्टर दांडा उगारून तसाच उभा राहिला.

चेरीताल मोहल्ल्यातल्या त्या घरात गुलाबकाका बाबांचे पाय मांडीवर घेऊन, तळव्यांना तूप लावून काशाची वाटी घासत होते. आणीबाणीत पत्रकं वाटली म्हणून बाबांना उचललं होतं. तळव्यांवर मारलं होतं. मारणारे मारून मोकळे झाले. आग मात्र बाबांच्या पायात कायमची मुक्कामाला आली. दिवस कलला की गुलाबकाका दीक्षितपुऱ्यातून वाटी घासायला यायचे. विनताला कळायला लागलं तेव्हापासून हेच चाललं होतं.

"आमची ओळख कोठडीतली," एवढंच बाबा सांगत.

सख्खा भाऊ करणार नाही एवढं या माणसानं केलं होतं. चित्रपटात पहिले आभार तिनं त्यांचेच मानले होते.

"असं नव्हते मारत," काका मान वर न करता म्हणाले. "आधी पायावर पाणी टाकत. मग वळ उठत नाही."

विनताला वाटलं, यांनीही सोसलंच असणार, आणि कधी चकार शब्द काढला नाही.

"बाबा, चित्रपट संपेल. पण खऱ्या कोर्टात जायला मारणाऱ्याचं नाव लागतं. शैलेंद्रजी वकील केव्हाचे तयार आहेत. तुम्ही आपलं 'आठवत नाही' म्हणता."

"काहून उकरून राहिली तू?"

"काहून म्हणजे? तो मजेत पेन्शन खात असेल, और आप रातभर कण्हत असता!" तिला रडू आवरेना. "उद्या तुम्ही गेलात तर मी कोणाच्या नावानं बोटं मोडू?"

काकांचा हात थांबला.

"सांगून टाका, भाऊ," ते म्हणाले. "लय झालं. पोरीचा हक्क आहे."

"तुम्ही म्हणून राहिले हे?"

"हो. मीच."

विनतानं घाईघाईनं मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू केलं. एवढ्या वर्षांत बाबा पहिल्यांदाच नमले होते, तेही काकांच्या शब्दाखातर. बाबा काकांकडे बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"सांगतो, बेटा," ते म्हणाले. "पण नाव सांगितलं, तर उद्यापासून माझ्या पायाले वाटी घासाले कोण येईल?"