पितळी मुठीची चकमक

कापसाला सोन्याचा भाव आला आणि अकोल्याच्या बाजारातल्या चिलीम ओढणाऱ्यांना शौक सुचू लागले. कुणाला चांदीच्या तारेची चिलीम हवी, कुणाला नक्षीची चकमक. चकमकीसाठी ते मनकर्णा लोहारणीकडे येत. ती ऐरणीशेजारी सात चकमकी मांडायची, गारगोटी आणि चिमूटभर कापूस द्यायची. “ठिणगी पाडून पाहा. हाताले बसंन ते घ्या.” सहा चकमकी तिनं आणि नवऱ्यानं मिळून घडवल्या होत्या, तो सांडशीनं लोखंड धरायचा, ती घण घालायची. सातवी जुनी होती, कुण्या डावखुऱ्यानं झिजवलेली. तिची फक्त पितळी मूठ नवी होती. आठ महिने गिऱ्हाइकं ती उचलत आणि ठिणगी पडत नाही म्हणून ठेवून देत. आज जरीचं पागोटं घातलेल्या एकानं सहा बाजूला सारल्या. सातवी डाव्या हातात धरली आणि पहिल्याच घावात कापूस पेटला. “हेच दे, माय. माह्यासाठीच बनवल्यावानी हाये.” “तुमचीच हाये, भाऊ. मूठ तेवढी आमी बदलली. बाळापूरच्या वाटेवर तुमी कापसाची गाडी लुटली, तवा हे माह्या मेलेल्या पोराच्या मुठीत राह्यली.” त्याचा डावा हात कमरेच्या कट्यारीकडे गेला. तिथं पोचण्याआधीच भट्टीशी बसलेल्या नवऱ्यानं तापलेल्या सांडशीत त्याचं मनगट धरून ऐरणीवर दाबलं. मनकर्णानं घण उचलला. रोज लोखंड लाल झालं की नवरा म्हणायचा, तसंच म्हणाला, “हाण.”